पंचवटीहून कॅराव्हॅन काढली, तर नांदूर मध्यमेश्वरला काय दिसेल? आणि ते राष्ट्रीय उद्यान का नाही?

पावसाळ्यात गोदावरीला पाणी चढलं की पंचवटीत एकच प्रश्न विचारला जातो, "मारुतीला कुठपर्यंत लागलं?" रामकुंडाच्या खालच्या अंगाला नदीपात्रात दुतोंड्या मारुतीची उंच मूर्ती उभी आहे. पाणी गुडघ्याला, कमरेला की गळ्याला, यावरून नाशिककर पुराचा अंदाज बांधतात. त्याच दिवसांत बातम्यांमध्ये आणखी एक नाव सारखं ऐकू येतं. 'नांदूर मध्यमेश्वरमधून इतके क्युसेक विसर्ग', ही ओळ मराठवाड्यातला शेतकरी कान टवकारून ऐकतो, कारण तेच पाणी पुढे जायकवाडीला जाणार असतं.

मारुतीच्या पायाशी आलेलं पाणी काही तासांनी जिथे पोहोचतं, ते हे नांदूर मध्यमेश्वर. पंचवटीपासून रस्त्याने साधारण ४० ते ४५ किलोमीटर, निफाड तालुक्यात. पावसाळा सरला आणि थंडी पडली की तिथे हजारो पक्षी उतरतात. महाराष्ट्रातलं पहिलं रामसर पाणथळ स्थळ असा त्याचा मान आहे.

गेल्या काही वर्षांत कॅराव्हॅन, म्हणजे चाकांवरचं घर घेऊन फिरण्याची हौस मराठी घरांमध्येही आली आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकांनी 'आरव्ही' भाड्याने घेऊन यलोस्टोन केल्याचे फोटो पाठवलेले असतात. मग इथेही असं काही करता येईल का, हा प्रश्न पडतोच. पंचवटीतून निघणाऱ्यासाठी याचं सगळ्यात जवळचं उत्तर नांदूर मध्यमेश्वर आहे. मात्र तिथे जाण्याआधी ते राष्ट्रीय उद्यान नसून अभयारण्य आहे हे समजून घेतलेलं बरं. हा फरक कागदावरचा वाटतो, पण तसा तो नाही.

कॅराव्हॅन म्हणजे नक्की काय?

आपल्याकडे ही कल्पना अगदीच नवी आहे असं नाही. जत्रेला निघालेल्या बैलगाडीत शिधा, भांडी, अंथरूण आणि पाण्याची घागर असायचीच. बैल सोडले, तीन दगड मांडले की झाला मुक्काम. आता बैलांच्या जागी इंजिन आलं आणि तीन दगडांच्या जागी गॅसची शेगडी.

कॅराव्हॅनचे ढोबळ दोन प्रकार. एक, इंजिनासह एकाच सांगाड्यावर बांधलेली मोटर कॅराव्हॅन. दुसरा, गाडीच्या मागे जोडून ओढायचा ट्रेलर. दोन्हींत झोपायची जागा, छोटं स्वयंपाकघर आणि बहुतेक वेळा शौचालय असतं. महाराष्ट्र सरकारने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. कॅराव्हॅन आणि त्या जिथे उभ्या राहतील ती 'कॅराव्हॅन पार्क', या दोन्हींची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, पार्कमध्ये पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि सुरक्षेची सोय, असा त्याचा गाभा आहे. हॉटेल बांधायला जमीन किंवा परवानगी मिळणं जिथे अवघड आहे, तिथेही पर्यटकाला रात्र काढता यावी, हा हेतू.

स्वतःची गाडी बदलून कॅराव्हॅन करणाऱ्यांनी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीत लिहिलेल्या मूळ रचनेत परवानगीशिवाय बदल करता येत नाही. जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, मेकॅनिककडून आतल्या सीट काढून पलंग आणि बेसिन बसवलं, की काम झालं असं होत नाही. आरटीओकडून तो बदल नोंदवून घ्यावा लागतो. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन हा कायद्याने मान्य असलेला वेगळा वर्ग आहे. ज्यांना हे सगळं नको, त्यांनी चालकासह भाड्याने घ्यावी. बहुतेक कुटुंबांसाठी तेच शहाणपणाचं ठरतं.

अमेरिकेत गाडी आत जाते, इथे का नाही?

जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान यलोस्टोन. १ मार्च १८७२ ला त्याच्या कायद्यावर अमेरिकेचे अध्यक्ष युलिसिस ग्रँट यांची सही झाली. सुरुवातीला तिथे लोक घोडागाड्यांतून फिरत. १९१५ मध्ये मोटारींना आत सोडलं आणि सगळं चित्रच पालटलं. मोटारींसाठी रस्ते झाले, त्या उभ्या करायला मोकळ्या जागा झाल्या, मग तंबू आले आणि शेवटी चाकांवरची घरं. तिथली राष्ट्रीय उद्यानं आणि कॅराव्हॅन एकमेकांच्या संगतीने वाढली, असं म्हणायला हरकत नाही. आजही यलोस्टोनच्या फिशिंग ब्रिज भागात आरव्हींसाठी स्वतंत्र जागा आहे आणि तिथे कापडी तंबू चालत नाहीत. भिंती टणकच हव्यात, कारण अस्वलं.

या गोष्टीची दुसरी बाजू फोटोंत दिसत नाही. यलोस्टोन हे 'निर्मनुष्य रान' म्हणून जगाला दाखवलं गेलं, पण तिथे मूलनिवासी जमाती पिढ्यान्‌पिढ्या राहत आणि शिकार करत होत्या. उद्यान झाल्यावर काही वर्षांतच त्यांना बाहेर काढण्यात आलं. 'माणूस बाहेर, निसर्ग आत' हे सूत्र तिथूनच जगभर गेलं.

भारतात पहिलं राष्ट्रीय उद्यान १९३६ मध्ये झालं, हेली नॅशनल पार्क. आज आपण त्याला जिम कॉर्बेट म्हणतो. महाराष्ट्रात १९५५ मध्ये ताडोबा झालं. सध्या राज्यात सहा राष्ट्रीय उद्यानं आहेत: ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातलं गुगामल, बोरिवलीचं संजय गांधी आणि सह्याद्रीतलं चांदोली. नाशिक जिल्ह्यात एकही नाही. पंचवटीकराला सगळ्यात जवळचं म्हणजे बोरिवली, तेही कसारा घाट उतरून दीडशे किलोमीटरच्या पुढे.

आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ हा पाया आहे. त्याच्या कलम २७ प्रमाणे अभयारण्यात कोणालाही मनात आलं म्हणून शिरता येत नाही. शासकीय कर्मचारी, आत जमीनजुमला असलेले लोक, सार्वजनिक रस्त्याने जाणारे आणि परवाना घेतलेले, एवढ्यांनाच मुभा. परवाना कशासाठी मिळतो हे कलम २८ सांगतं. अभ्यास, छायाचित्रण, पर्यटन, आत राहणाऱ्यांशी कायदेशीर व्यवहार अशी ती यादी आहे. राष्ट्रीय उद्यानालाही हीच कलमं लागू होतात. म्हणून ताडोबात तुमची कॅराव्हॅन गेटबाहेर उभी राहते आणि तुम्ही नोंदणीकृत जिप्सीतून गाइडसह आत जाता. गाभ्याच्या जंगलात चाकांवरचं घर थाटून रात्र काढणं हा प्रकार आपल्याकडे नाही, आणि वाघाच्या जंगलाचा विचार केला तर तो नसलेलाच बरा.

दुष्काळाने खोदलेलं तळं

आता नांदूर मध्यमेश्वरचा इतिहास. इथे निसर्गाआधी इंजिनिअर आला.

१८९६-९७ चा आणि लगेच १८९९-१९०० चा दुष्काळ महाराष्ट्राने सोसला. दुसऱ्याला लोक 'छप्पन्नचा दुष्काळ' म्हणत, कारण तेव्हा विक्रम संवत १९५६ चालू होतं. या तडाख्यानंतर ब्रिटिश सरकारने १९०१ मध्ये सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रिफ यांच्या अध्यक्षतेखाली सिंचन आयोग नेमला. दुष्काळी पट्ट्यांत, नफा न देणारी असली तरी जीव वाचवणारी कालव्यांची कामं काढावीत, असा विचार त्यातून पुढे आला. गोदावरीचे कालवे त्याच काळातले.

योजना साधी होती. सह्याद्रीच्या कुशीत, इगतपुरीच्या बाजूला पाऊस भरपूर पडतो. तिथे दारणेवर धरण बांधायचं. ते १९१६ मध्ये पूर्ण झालं. त्याच्या जलाशयाला 'लेक बील' असं इंग्रजी नाव आहे, जे आज फारसं कोणी घेत नाही. तिथून सोडलेलं पाणी नदीतूनच खाली आणायचं आणि गोदावरी-कादवा संगमाजवळ एका बंधाऱ्यात अडवून दोन्ही काठांच्या कालव्यांत वळवायचं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बांधलेला तो बंधारा म्हणजेच नांदूर मध्यमेश्वर. त्याच्या कालव्यांनी निफाड, येवला, कोपरगाव, राहाता हा पट्टा बदलून टाकला. साकरवाडी, लक्ष्मीवाडी ही गावांची नावंच सांगतात की पाण्यामागून काय आलं. ऊस आला आणि साखर कारखाने आले.

बंधाऱ्याने पाणी अडवलं तसा गाळही अडवला. शंभर वर्षांत गोदावरी, दारणा आणि कादवा यांनी आणलेली माती तळाशी साचत गेली. पाण्याची साठवण कमी झाली आणि इंजिनिअरच्या दृष्टीने तो तोटाच. पण उथळ पाण्यात पाणवनस्पती वाढल्या, मधे मधे बेटं तयार झाली, काठाला दलदल झाली. बदकाला वीस मीटर खोल स्वच्छ पाणी नको असतं. त्याला हवं ते गुडघाभर पाणी, चिखल, कंद आणि किडे. धरण म्हणून जे बिघडत गेलं, तेच पक्ष्यांचं घर म्हणून घडत गेलं.

आजूबाजूचा मुलूख सह्याद्रीच्या पर्जन्यछायेतला, तसा कोरडाच. त्यात हे पाणी उठून दिसतं. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालीम अली यांनी याला 'महाराष्ट्राचं भरतपूर' म्हटल्याचं सांगितलं जातं. १९८६ मध्ये इथे अभयारण्य जाहीर झालं. क्षेत्र साधारण १०० चौरस किलोमीटर. त्यात नुसतं पाणी नाही, तर गावं, शेतं, द्राक्षबागा, रस्ते असं सगळंच आलं. त्यातल्या १,४३७ हेक्टर पाणथळ भागाला जानेवारी २०२० मध्ये रामसर यादीत जागा मिळाल्याचं जाहीर झालं. लोणार सरोवर आणि ठाण्याची खाडी यांचे नंबर त्यानंतरचे.

रामसरच्या नोंदीत एक छोटा मासा आहे, 'देवळाली मिनो'. देवळालीजवळ सापडला म्हणून हे नाव आणि जगात अत्यंत संकटात असलेल्या जातींमध्ये त्याची गणना होते. फ्लेमिंगोच्या फोटोंच्या गर्दीत त्याची आठवण कोणाला येत नाही, म्हणून इथे मुद्दाम सांगितलं.

मग राष्ट्रीय उद्यान का नको?

अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान यांतला मोठा फरक माणसांच्या हक्कांचा आहे. अभयारण्य जाहीर करताना जिल्हाधिकारी तिथल्या लोकांचे हक्क तपासतात आणि काही हक्क चालू ठेवता येतात. चराईवर नियंत्रण असतं, सरसकट बंदी नसते. राष्ट्रीय उद्यानात मात्र आतल्या जमिनीवरचे सगळे हक्क शासनाकडे गेल्याशिवाय अंतिम अधिसूचना निघत नाही, आणि गुरं चारायला पूर्ण मनाई असते.

नांदूर मध्यमेश्वरला हे लावून बघा. पाणी पाटबंधारे खात्याचं. कालव्यांवर तालुकेच्या तालुके अवलंबून. नंतर काढलेला जलद कालवा वैजापूर-गंगापूरकडे जातो, म्हणजे मराठवाड्याचाही हिस्सा आहे. चापडगाव, मांजरगाव, खानगाव थडी या काठच्या गावांची शेती आणि गुरं तिथेच. हे सगळे हक्क काढून घेऊन राष्ट्रीय उद्यान करायचं म्हणजे ज्या कारणाने तळं जन्माला आलं त्याच कारणावर घाव घालायचा.

आणि समजा केलंच, तर पक्ष्यांचं भलं होईलच का? याचं उत्तर खुद्द भरतपूरने देऊन ठेवलं आहे.

भरतपूरचं केवलादेव हेही माणसाने घडवलेलं पाणथळ रान. तिथल्या राजघराण्याने बदकांच्या शिकारीसाठी बांध घालून, पाणी खेळवून ते तयार केलं. १९३८ मध्ये व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी पडले. आकडा तिथल्या शिलालेखावर आजही वाचता येतो. पुढे शिकार थांबली, १९८१ मध्ये रामसर यादीत नाव आलं आणि लगोलग राष्ट्रीय उद्यानाचा दर्जाही. कायद्याप्रमाणे १९८२ मध्ये म्हशींना आत बंदी झाली. पिढ्यान्‌पिढ्या गुरं चारणारे गावकरी भडकले, गोळीबार झाला, माणसं मेली.

बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचा तिथे दीर्घ अभ्यास चालू होता. चराई बंद करावी हा आग्रह धरणाऱ्यांत पक्षिप्रेमीही होते. पण अभ्यासातून निघालं भलतंच. म्हशी गेल्यावर पाण्यातलं गवत बेसुमार माजलं, मोकळं पाणी आक्रसलं आणि बदकांना उतरायला जागा कमी पडू लागली. म्हैस ही त्या पाण्याची न पगारी माळीण होती, हे ती गेल्यावर कळलं.

म्हणजे नांदूर मध्यमेश्वरच्या काठी तुम्हाला गुरं दिसली, तर 'अभयारण्यात गुरं कशी?' म्हणून लगेच नाक मुरडू नका. किती गुरं, कुठे आणि कोणत्या महिन्यात हा प्रश्न योग्य आहे. ती मुळीच नकोत, हा प्रश्न भरतपूरने आधीच महागात सोडवून बघितला आहे.

पंचवटीतून निघताना

पंचवटीतच सुरुवात करायची तर कॅराव्हॅन काळाराम मंदिराच्या किंवा सीतागुंफेच्या गल्ल्यांत घालू नका. सहा-सात मीटरची गाडी तिथे वळत नाही आणि मागे रिक्षांची रांग लागली की उद्धार आपलाच होतो. गाडी तपोवनाच्या बाजूला मोकळ्या जागेत लावावी आणि पायी किंवा रिक्षाने फिरावं. सीतागुंफेजवळची वडाची झाडं बघण्यासारखी आहेत, कारण पाच वडांवरूनच पंचवटी हे नाव पडल्याचं मानतात. काळाराम मंदिर पेशव्यांचे सरदार रंगराव ओढेकर यांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस बांधलं. त्याच्या दारात २ मार्च १९३० ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. तपोवनात कपिला गोदावरीला मिळते. हे सगळं एकेकाळचं दंडकारण्य. २०२५ च्या अखेरीस कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी याच तपोवनातली झाडं तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा नाशिककर रस्त्यावर उतरले. रान गेलं तरी रानाची आठवण गावाला असते.

पंचवटीला सोन्याचं हरीण दिसलं, ही गोष्ट सर्वांना पाठ आहे. ते हरीण पडलं कुठे, यावर मात्र गोदाकाठी एकमत नाही. नांदूर मध्यमेश्वरला मृगव्याधेश्वराचं मंदिर आहे आणि रामाने मारीचाला इथेच मारलं असं तिथले लोक सांगतात. खाली कायगाव टोक्याला गेलात तर तिथे काया पडली आणि डोकं पडलं, असं नावांसकट पटवून देतात. नदीकाठच्या कथांनाही पाण्यासारखा प्रवाह असतो, आणि त्या वाटेत कुठे कुठे थांबतात.

रस्ता पंचवटीतून निघणारा छत्रपती संभाजीनगरचा. माडसांगवी, ओढा, लाखलगाव, चांदोरी असं करत जायचं आणि चांदोरीहून सायखेड्याकडे वळायचं किंवा सरळ निफाड गाठून तिथून खाली उतरायचं. चांदोरी-सायखेडा ही गावं पुराच्या बातम्यांत दर मोठ्या पावसाळ्यात असतात. २०१६ आणि २०१९ च्या पुरात तिथे घरांत पाणी होतं. म्हणून पावसाळ्यात कॅराव्हॅन घेऊन इकडे येऊ नये.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा खरा हंगाम. पण हाच ऊसतोडीचाही हंगाम. उसाने लादलेल्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतात, मागे दिवा असेलच असं नाही. अंधार पडायच्या आत मुक्कामाला पोहोचा. गावातल्या रस्त्यांवर विजेच्या तारा खाली झुकलेल्या असतात, तेव्हा गाडीची उंची मीटरमध्ये चालकासमोर लिहून चिकटवलेली असावी.

थंडीचं कौतुक ऐकलं असेलच. निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रातला पारा राज्यातल्या नीचांकी आकड्यांसाठी प्रसिद्ध आहे. कडाका वाढला की द्राक्षबागायतदार रात्री बागेत शेकोट्या पेटवतात. पत्र्याच्या गाडीत ही थंडी सरळ आत येते. तेव्हा पांघरुणं जास्त घ्या, पण बंद गाडीत शेगडी किंवा कोळसा पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने झोपेतच माणूस जातो.

आणखी एक. या भागात उसात बिबटे असतात. संध्याकाळनंतर लहान मुलांना गाडीबाहेर एकटं सोडू नये, उसाच्या कडेला मुक्काम टाकू नये. अभयारण्याच्या हद्दीत मनाला येईल तिथे रात्र काढता येत नाही, त्यामुळे जागा आधी वन विभागाला किंवा गावात विचारून पक्की करावी. ज्याच्या शेतात किंवा अंगणात गाडी लावाल, त्याला रीतसर पैसे द्यावेत.

पहाटे चापडगावला

पक्षी बघायचे तर सूर्य उगवायच्या सुमारास चापडगावच्या गेटवर हजर राहायचं. निरीक्षण मनोरे आहेत, स्थानिक गाइड मिळतात, आणि खरं सांगायचं तर गाइडशिवाय नवख्याला 'बदकं' एवढंच कळतं. गाइड दाखवतो तेव्हा त्यातली थापट्या कोणती, तलवार बदक कोणतं, नारिंगी चक्रवाक कोणता हे उलगडतं. चक्रवाकाची जोडी रात्री विरहाने व्याकूळ होते हा कवींचा लाडका समज. हे पक्षी हिमालयापलीकडून येतात.

चमच्या आपली चपटी चोच पाण्यात डावी-उजवीकडे फिरवत चालतो, जणू झाडू मारतोय. चित्रबलाक, मुग्धबलाक, जांभळी पाणकोंबडी, पाणकावळे तर असतातच. काळ्या अंगाचा, कपाळावर पांढरा टिळा असलेला, घोळक्याने पोहणारा एक पक्षी दिसेल. मराठीत त्याला 'वारकरी' म्हणतात, आणि एकदा बघितल्यावर का ते विचारावं लागत नाही. मधेच सगळा थवा एकदम उठला, तर वर बघा. भोवत्या किंवा दुसरा एखादा शिकारी पक्षी घिरट्या घालत असतो.

कॅराव्हॅनचा जनरेटर इथे चालवू नये. गाण्यांचा स्पीकर तर नकोच. थवा उठवून फोटो काढण्यासाठी दगड मारणारे महाभागही येतात. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला पुन्हा पुन्हा उठवणं म्हणजे परतीच्या प्रवासासाठी त्याने साठवलेली चरबी जाळणं.

टाकी कुठे रिकामी करणार?

कॅराव्हॅनच्या जाहिरातीत पलंग, टीव्ही, एसी दिसतो. टाक्या दिसत नाहीत. गाडीत साधारण तीन प्रकारचं पाणी असतं: वापरायचं स्वच्छ पाणी, आंघोळीचं आणि भांड्यांचं सांडपाणी, आणि शौचालयाचं मैलापाणी. तिसऱ्यासाठी बहुधा रसायन घातलेली, काढून नेता येणारी पेटी असते. चार माणसांच्या कुटुंबाची ही पेटी दोन-तीन दिवसांत भरते.

परदेशात ती ओतायला जागोजागी ठरलेल्या जागा असतात. आपल्याकडे त्या नावापुरत्या. मग रात्री एखाद्या नाल्याकाठी झाकण उघडलं जातं. नाला नंदिनीला मिळतो, नंदिनी गोदावरीला, आणि गोदावरी नांदूर मध्यमेश्वरला.

एका कॅराव्हॅनने नदी बिघडत नाही, हे खरं. मूळ दुखणं शहराचं आहे. नाशिकचं सांडपाणी तपोवन, आगरटाकळी, चेहेडी, पंचक इथल्या केंद्रांत शुद्ध होऊन नदीत यायला हवं. जे शुद्ध न होता किंवा अर्धवट होऊन येतं, त्यातलं नायट्रोजन आणि फॉस्फरस खाऊन पाणवेली फोफावतात. सायखेड्याच्या पुलाला पाणवेलींचा गालिचा अडकल्याच्या बातम्या त्यामुळेच येतात. रामसरच्या नोंदीतही पाणवेलींचं नाव धोक्यांमध्ये आहे. वेलींनी पाणी झाकलं की खाली ऊन पोहोचत नाही, प्राणवायू घटतो, मासे कमी होतात, आणि बदकांना उतरायला मोकळं पाणी उरत नाही. भरतपूरला गवताने जे केलं ते इथे पाणवेली करू शकतात, आणि पाणवेल म्हशीलाही फारशी आवडत नाही.

सहलीपुरता उपाय सोपा आहे. निघतानाच टाक्या रिकाम्या ठेवा, परतल्यावर घरच्या किंवा मुक्कामाच्या जागेच्या शौचालयात पेटी ओता, रसायन जैविक विघटन होणारं घ्या, भांडी आधी कागदाने पुसून मग धुवा. भाड्याची गाडी असेल तर चालकाला पहिल्याच दिवशी विचारा, "टाकी कुठे रिकामी करता?" उत्तर गुळमुळीत आलं, तर गाडीतलं शौचालय न वापरलेलं बरं.

पंचवटीत सिंहस्थ कुंभमेळ्याचं ध्वजारोहण ३१ ऑक्टोबर २०२६ ला ठरलं आहे. त्याच सुमारास नांदूर मध्यमेश्वरला हिवाळी बदकांचे पहिले थवे उतरू लागतात. मुख्य स्नानं २०२७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, म्हणजे भर पावसात. त्या दोन महिन्यांत रामकुंडावरून जे वाहून जाईल ते चाळीस किलोमीटरवरच्या बंधाऱ्याच्या दारांतून थोडं पुढे जाईल आणि थोडं गाळात बसेल. त्यानंतर सहा-आठ आठवड्यांनी त्याच गाळात चोच घालायला चमच्या आणि चक्रवाक येतील.